सतरा चौकोन आणि आपली संस्था

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येयं स्वीकारली. त्यांच्याखाली १६९ लक्ष्यं आहेत आणि बहुतेकांची मुदत २०३० पर्यंत आहे. या ध्येयांचे रंगीत चौकोन आता वार्षिक अहवालांपासून लग्नातल्या वृक्षभेटीच्या पाकिटांपर्यंत सगळीकडे छापलेले दिसतात. सामाजिक संस्थांनी या ध्येयांशी नेमकं काय करायचं, यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचा बचतगटांचा तालुका महासंघ आहे. एका देणगीदाराच्या अर्जात ‘आपले काम कोणत्या ध्येयांना हातभार लावते?’ असा रकाना होता. आम्ही ११ ध्येयांवर खुणा केल्या आणि अर्ज ‘पुन्हा भरा’ म्हणून परत आला. आमचं काम खरंच सगळीकडे पसरलेलं आहे. मग चुकलं काय? (जि. सोलापूर)

अकरा खुणा पाहिल्या की वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की संस्थेने विचार न करता रकाना भरला आहे. बचतगटामुळे घरात चार पैसे येतात, त्यातून मुलीची फी भरली जाते, कधी दवाखान्याचं बिल भागतं. म्हणून शिक्षण आणि आरोग्य ही ध्येयंही आपलीच, असं वाटणं साहजिक आहे. पण या हिशोबाने किराणा दुकानदारही सतरा ध्येयं पुरी करतो.

ध्येयाचा चौकोन बाजूला ठेवा आणि त्याखालचं लक्ष्य शोधा. गेल्या वर्षी केलेलं प्रत्येक काम एका ओळीत, कोणासाठी काय बदललं अशा भाषेत लिहा. ‘मेळावा घेतला’, ‘मार्गदर्शन केलं’ या ओळी खोडा. उरतील त्या ओळी १६९ लक्ष्यांच्या यादीशी ताडून पाहा. तुमच्यासारख्या महासंघाच्या कामाला साधारण दोन लक्ष्यं चपखल बसतात. एक १.४, म्हणजे गरिबांना जमीन, मालमत्ता आणि आर्थिक सेवांवर समान हक्क. दुसरं ५.अ, म्हणजे स्त्रियांना जमीन आणि इतर मालमत्तेची मालकी. मुख्य लक्ष्य एकच धरा, जोडीला फार तर आणखी दोन.

यातल्या ५.अ कडे जास्त लक्ष द्या, असं आम्ही सुचवू. बचतीचे आकडे सगळेच देतात. सातबाऱ्यावर किती सदस्यांचं नाव आहे, हे फार थोड्या महासंघांना माहीत असतं, आणि ते मोजायला खर्च जवळपास नाही. शेती असलेल्या घरांतल्या सदस्यांची यादी करा आणि गट नंबर घ्या. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर नुसता पाहण्यापुरता सातबारा मोफत उघडतो. तो उघडल्यावर बाईचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते नीट बघा. नाव ‘भोगवटादार’ या रकान्यात असेल तरच मालकी. पुष्कळदा ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात असतं, आणि घरचे सांगतात, ‘आमच्या हिचं नाव लागलंय की!’ ही दोन वेगळी आकडेवारी आहे. ती मिसळली तर तुमचा निष्कर्ष पहिल्याच तपासणीत कोसळेल.

नाव लावून घ्यायचं काम त्यापुढचं. पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहमालक म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्तीची सोय राज्यात १९९० च्या दशकापासून आहे. ती अडते ती बहुधा एकाच ठिकाणी: जमीन अजून सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर असते. तिथे आधी वारसनोंद आणि वाटणी व्हावी लागते, आणि भाऊबंदकी असेल तर एक वर्षाच्या प्रकल्पात ते होत नाही. म्हणून पहिल्याच पाहणीत ‘जमीन पतीच्या स्वतःच्या नावे’ आणि ‘अजून वाडवडिलांच्या नावे’ असे दोन गट पाडा. लक्ष्य ठरवताना पहिलाच गट धरा. वर्षअखेरीला त्याच यादीतल्या त्याच महिलांचे सातबारे पुन्हा बघायचे. मधल्या काळात आलेल्या नव्या सदस्या या मोजणीत मिसळू नका. त्या मिसळल्या की छेद बदलतो आणि टक्केवारी निरर्थक होते.

प्रश्न : आमचा ट्रस्ट पाणलोटाचं काम करतो. सलग समतल चर, दगडी बांध, नाला खोलीकरण झालं आहे. देणगीदाराला ‘किती लिटर पाणी वाचवलं’ हा एकच आकडा हवा आहे. तो प्रामाणिकपणे कसा काढायचा? (जि. सातारा)

एकच आकडा मागणाऱ्याला आधी विचारा, कोणता हवा आहे: साठवणक्षमता, प्रत्यक्ष भरलेलं पाणी की भूजलात पडलेली भर? अहवालांत या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते.

क्षमता काढणं सोपं. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर छेद ०.१८ चौरस मीटर. एक किलोमीटर चरात १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर मावतात. पावसाळ्यात चर चार वेळा भरला तर गुणिले चार. पण ‘चार वेळा’ हे कोणी पाहिलं? गावात साधं पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला वाचा, आणि ज्या दिवशी चर खरोखर भरला त्या दिवशी तारखेसह नोंद करा. ही नोंद नसेल तर फक्त क्षमता लिहावी.

दुसऱ्या वर्षी क्षमता तीच राहत नाही. पावसाळा संपल्यावर चरावर दहा ठिकाणी पट्टी लावून खोली मोजा. गाळ बसून ती ३० वरून सरासरी २० सेंटिमीटरवर आली असेल, तर त्याच किलोमीटरमध्ये १ लाख २० हजार लिटरच मावतात. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाची क्षमता तिन्ही वर्षं मोजणारे अहवाल भरपूर आहेत.

भूजलाचा प्रश्न विहिरीवर सुटतो. आठ-दहा विहिरी निवडा: काही माथ्याकडच्या, काही मधल्या, काही ओढ्याजवळच्या. शिवाय काम न झालेल्या शेजारच्या गावातल्या तशाच तीन-चार. कठड्यावर तैलरंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन बांधलेली फीत सोडा. जमिनीपासून कठड्याची उंची मोजून वजा करायची. वाचन पहाटे, मोटार सुरू होण्याआधी घ्या. रात्री वीज असेल आणि उपसा झाला असेल तर त्या दिवसाचं वाचन सोडून द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तुम्हीही हेच महिने धरा, म्हणजे तुलना करता येईल.

आणि बढाई ऑक्टोबरच्या पातळीवर मारू नका. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वरचा थर उथळ असतो, बऱ्या पावसात तो सगळीकडेच भरतो. तुमच्या गावातही आणि काम न झालेल्या शेजारच्या गावातही. खरा फरक मार्च आणि मे महिन्यांत दिसतो. ‘विहीर कोणत्या महिन्यापर्यंत दोन तास मोटार चालू देते’ हा शेतकऱ्याचा मापदंड अहवालात जसाच्या तसा घ्यायला हरकत नाही.

लिटर सांगायचेच असतील, तर झिजलेल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी धरून सोडण्याचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरले, तर १०० हेक्टरवर पातळी १ मीटरने वाढली म्हणजे २० हजार घनमीटर, अर्थात २ कोटी लिटर. सोबत ‘अंदाज, २ टक्के गृहीत’ असं लिहा. शेजारच्या गावात तीच पातळी ०.७ मीटरने वाढली असेल, तर तुमच्या वाट्याला उरले ०.३ मीटर. आकडा ६० लाखांवर येतो. वाचताना गोड लागत नाही, पण तो टिकतो.

एक सापळा खास सांगायला हवा. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली शेततळी ‘जलसंधारणात’ मोजू नका. त्यांतली बरीच विहिरीतून किंवा बोअरमधून भरतात. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात ठेवल्याने गावाच्या पाण्यात भर पडत नाही, बाष्पीभवनाने घटच होते. शिवाय साठा वाढल्यावर ऊस वाढला, तर ६.४ या पाण्याच्या काटकसरीच्या लक्ष्याच्या तुम्ही उलट दिशेला गेलात. हिवरे बाजारने पाणलोटाच्या कामाइतकीच पिकांच्या शिस्तीवर भिस्त ठेवली. दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. चरांची लांबी सगळे सांगतात. पिकांचा ताळेबंद जो सांगेल, त्याच्या अहवालावर आमचा जास्त विश्वास बसेल.

प्रश्न : आम्ही तीन आदिवासी गावांत माता-बालआरोग्याचं काम करतो. लोकसंख्या मिळून साडेचार हजार. गेल्या वर्षी नवजात बालकांचे दोन मृत्यू होते, यंदा एक. ‘मृत्युदर निम्म्यावर आणला’ असं लिहावं का? (जि. नंदुरबार)

लिहू नका. साडेचार हजार लोकसंख्येत वर्षाला ६५ ते ७० जन्म होतील. ६७ जन्मांत एक मृत्यू म्हणजे हजारी १५, दोन म्हणजे हजारी ३०, एकही नाही म्हणजे शून्य. लक्ष्य ३.२ नवजात मृत्युदर २०३० पर्यंत हजारी १२ किंवा त्याहून कमी करायला सांगतं. तुमच्या तीन गावांत हा आकडा दरवर्षी वर-खाली उड्या मारणार. पुढच्या वर्षी दोन मृत्यू झाले तर ‘दुप्पट झाला’ असं लिहाल का?

मृत्युदराबद्दल बोलायला केवढा पसारा लागतो, ते गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत वापरली आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. प्रत्येक जन्म आणि मृत्यू अनेक वर्षं मोजला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. हीच कल्पना २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

छोट्या संस्थेने मृत्यूंची नोंद जरूर ठेवावी, पण दावा करावा तो त्याआधीच्या टप्प्यांवर. जन्मानंतर २४ तासांत वजन झालं का? तासाभरात अंगावर पाजलं का? आशाच्या ठरलेल्या भेटी झाल्या का? दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी असतात. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. ६७ पैकी किती बाळांना सगळ्या भेटी मिळाल्या, हा आकडा एका वर्षात अर्थपूर्ण असतो आणि तो सुधारणं तुमच्या हातात असतं.

नोंदी तीन ठिकाणी बिघडतात. पहिलं म्हणजे वजन. वही उघडून पाहा: २.५ किलोचीच बाळं संशयास्पदरीत्या जास्त असतील. २.५ च्या खाली कमी वजन धरतात, मग धावपळ लागते, म्हणून २.४ चं २.५ होतं. काटा आहे की नाही याआधी तो शून्यावर येतो का, बाळाचं फडकं आधी ठेवून शून्य करतात का, ते बघा. आकडा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहायचा. दुसरं, मृत जन्म. बाळाने एकदा जरी श्वास घेतला, रडलं किंवा हालचाल केली, तर तो जिवंत जन्म आणि नंतर नवजात मृत्यू. प्रत्यक्षात असे मृत्यू ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून लिहिले जातात. दाईला आणि आईला वेगवेगळं विचारा. तिसरं, पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ माहेरच्या गावात जन्मतं, तिसऱ्या महिन्यात सासरी येतं, आणि एक तर दोन्ही वह्यांत सापडतं किंवा कुठेच नाही. आईच्या कायमच्या राहण्याचं गाव धरायचं की जन्माचं, ते आधी ठरवा, आणि जन्म व मृत्यू दोन्हींना तोच नियम लावा.

नीट मोजायला लागल्यावर पहिल्या वर्षी मृत्यू वाढलेले दिसतील. ते पूर्वीही होत होते. देणगीदाराला हे काम सुरू होण्याआधीच लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : कचरावेचक महिलांसोबत काम करतो. ओला कचरा खतात जातो, सुका विकला जातो. आमचं ध्येय १२ की ११? (कोल्हापूर)

दोन्हीत बसतं. १२.५ कचरा कमी करणं, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरणाबद्दल आहे, ११.६ शहरी कचऱ्याच्या व्यवस्थापनाबद्दल. पण तुमचं वेगळेपण ८.८ मध्ये आहे, म्हणजे श्रमिकांचे हक्क आणि सुरक्षित काम. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आली आणि महापालिकेशी करार करून घरोघरी संकलन करू लागली. तिथे आधी कामगार म्हणून ओळखपत्र आणि हक्क आले, टनांचा हिशोब त्यामागून. म्हणून अहवालात टनांसोबत हातमोजे, बूट, ओळखपत्र, विमा आणि महिन्याची कमाई यांचे आकडे द्या.

टन मोजताना आत आलेलं वजन आणि खताच्या खड्ड्यातून किंवा वर्गीकरणातून बाहेर फेकलेलं वजन, दोन्ही काट्यावर घ्या. वजा करून उरतं तेवढंच ‘वाचवलेलं’. गाड्यांच्या फेऱ्यांवरून टन काढू नका, पावसात भिजलेला कचरा दीडपट वजन दाखवतो. ओल्याबरोबर आकारमानाने निम्मा तरी वाळका पाला किंवा भुसा हवा. तो कमी पडला की ढीग चिकट होतो, हवा खेळत नाही, वास सुटतो आणि पंधरवड्यात शेजारच्यांची तक्रार येते. मूठभर मिश्रण दाबल्यावर थेंब-दोन थेंब आले तर ओल ठीक. धार लागली तर पाला वाढवा.

प्रश्न : झाडं किती लावली ते लिहावं की किती जगली? (जि. बीड)

जगली ते, आणि तिसरा उन्हाळा उलटल्यावर. पावसाळ्यात लावलेलं रोप ऑक्टोबरला सगळीकडेच हिरवं दिसतं. गुरं, वणवा आणि एप्रिल-मे त्याची खरी परीक्षा घेतात. आणखी एक: माळरान दिसलं की झाडं लावायची, हे थांबवा. नैसर्गिक गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे. लांडगा, काळवीट, माळढोक त्यावर जगतात आणि मेंढपाळांची चराईही. तिथे खड्डे खणून झाडी केली, तर ध्येय १५, म्हणजे जमिनीवरची जीवसृष्टी, याच्या नावाखाली १५ चंच नुकसान होतं. अशा जागी चराई नियंत्रित करून देशी गवताला बी धरू द्यावं, एवढंच पुरतं.

प्रश्न : कंपनीचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मिळवायचा आहे. कंपनी म्हणते पगाराला ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. मग परिचारिकेचा पगार कुठून करायचा? (नाशिक)

ही गैरसमजूत इतकी पसरली आहे, की आता संस्थाही तीच सांगतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी रेषा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या दायित्व विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून नियमानेच वगळला आहे. परिचारिकेशिवाय दवाखाना चालत नाही, म्हणजे तिचा पगार हा प्रकल्पखर्च. अंदाजपत्रकात तो ‘प्रशासन’ या शीर्षाखाली टाकू नका. ‘सेवा : परिचारिका, १ पद, १२ महिने’ असं कामाच्या शीर्षाखाली दाखवा. काही कंपन्यांनी स्वतःच्या धोरणात यापेक्षा कडक मर्यादा घातलेली असते. तो त्यांचा अधिकार, पण कायद्याचं नाव पुढे करायचं कारण नाही.

तुमच्याकडे तयार काय हवं? आयकर खात्याची धर्मादाय नोंदणी आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता), तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून लागतो. अर्जावर पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाचा दाखला लागतो. धर्मादाय आयुक्तांकडचे फेरफार अहवाल अडकलेले असतील तर इथेच गाडं रुततं: कागदावर जुने विश्वस्त, सही नव्यांची. आधी ते मिटवा.

कंपनीला ध्येयाच्या क्रमांकाआधी कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधली, म्हणजे हा निधी ज्या कामांवर खर्चता येतो त्या यादीतली, बाब लागते. तुमच्या प्रस्तावात पहिल्या पानावर दोन्ही एकाच ओळीत द्या, म्हणजे त्यांच्या समितीचं काम सोपं होतं.

वेळेचंही बघा. बऱ्याच कंपन्या फेब्रुवारीत जाग्या होतात आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायला सांगतात. घाईत घेतलेलं यंत्र पुढे धूळ खातं. त्याऐवजी संचालक मंडळाकडून प्रकल्प सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्यायला सांगा. तसं केलं की सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून कंपनीला पुढे वापरता येते. हे वर्ष संपल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षं दुबईत आहे, बहीण न्यू जर्सीत. गावच्या संस्थेच्या पाण्याच्या कामाला दोघांना पैसे द्यायचे आहेत. संस्थेकडे परदेशी देणगीची नोंदणी नाही. (दुबई)

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. संस्था ती साध्या खात्यात घेऊ शकते. पासपोर्टची प्रत आणि ‘स्वतःच्या उत्पन्नातून’ असं पत्र संस्थेच्या फाईलला लावा. बहिणीने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही तिची देणगी परदेशीच. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने तिच्याकडून एक डॉलरही घेऊ नये. ‘भावाच्या खात्यात टाकते, तू दे’ हा मार्ग सुचवला जातो. तो करू नका, अडचणीत संस्था येते.

नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेली हवी. मिळाल्यावर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येतात. परदेशी देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त वापरता येत नाहीत. एवढं सांभाळायला माणूस नसेल, तर बहिणीने अशी नोंदणी असलेल्या, त्याच भागात स्वतः काम करणाऱ्या मोठ्या संस्थेला द्यावं.

प्रश्न : आमच्या गावात संस्थेने केलेलं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही. ध्येयांचा आणि पंचायतीचा संबंध असतो ना? (जि. रत्नागिरी)

असतो. पंचायती राज मंत्रालयाने सतरा ध्येयं गावासाठी नऊ संकल्पनांत बसवली आहेत: गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, पायाभूत सुविधायुक्त, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त आणि महिलास्नेही गाव. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा त्यांना धरून करायचा असतो. प्रत्यक्षात गेल्या वर्षीची यादी नव्या तारखेने चढते, कारण नवी माहिती कोणी आणून देत नाही. ती तुम्ही द्या.

आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून धरली जाते. त्याच्या महिनाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र द्या: कामाचं नाव, जागेचा गट नंबर, लांबी-रुंदी, अंदाजे खर्च, संस्थेचा वाटा, पंचायतीकडून अपेक्षित वाटा, आणि नऊपैकी कोणती संकल्पना. ‘पाण्याची सोय करावी’ असा ठराव निधीविना पडून राहतो, ‘वरच्या वाडीच्या टाकीला झाकण आणि ४० मीटर पाइप’ असा ठराव मंजूर होतो. ग्रामसभेआधी महिला सभा असते. पाणी, शौचालय, अंगणवाडीचे विषय तिथे मांडून इतिवृत्तात येऊ द्या. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, म्हणून वाडीवाडीतून माणसं आणण्याची जबाबदारी आधीच वाटून घ्या.

१५ व्या वित्त आयोगाने (२०२१ ते २०२६) पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधील ठेवला: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पाऊससंचय आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. त्यामुळे त्या काळात या दोन विषयांत पंचायतीकडे पैसा होता आणि कामाचे तयार प्रस्ताव कमी होते. ठराव झाल्यावर काम पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीत चढलं का, ते स्वतः उघडून पाहा. तिथे प्रत्येक कामाला सांकेतिक क्रमांक मिळतो. तो क्रमांक तुमच्या अहवालातल्या त्या कामासमोर लिहा. क्रमांक नसेल, तर इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत घेऊन गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विस्तार अधिकाऱ्यांना भेटा. पुरवणी आराखड्यात काम घेता येतं का, ते तिथे कळतं.